हवेतला अर्धा सेकंद

घरात तिला गोगलगाय म्हणतात. नाव काकाने ठेवलं. लहानपणी तो तिला शाळेत सोडायला जायचा आणि ती इतकी मागे राहायची, की प्रत्येक कोपऱ्यावर त्याला थांबावं लागायचं. कमरेवर हात ठेवून तो ओरडायचा, "गोगलगाय आणि पोटात पाय! चल गं!" ती चालीत काही बदल करायची नाही. नाव चिकटलं. मी तिच्या बाकावर बसायचे, त्यामुळे माझ्याही तोंडी तेच बसलं.

तिचे बाबा काचा बसवतात. खाली दुकान, वर घर. दुकानात माणसाच्या उंचीच्या काचा भिंतीला टेकून उभ्या असतात. आत शिरलं की आधी आपणच आपल्याला भेटतो. एका कोपऱ्यात काकाचं टेबल आहे. तो घड्याळं दुरुस्त करतो. एका डोळ्याला भिंग आणि तोंडाचा पट्टा चालू.

बाबा फार बोलत नाहीत. त्यांचा एकच शब्द मला पाठ आहे. सावकाश. गिऱ्हाईक काच उचलायला गेलं की सावकाश. मी जिना उतरले की सावकाश. काच हातात घेणाऱ्या माणसाला जग पडण्याच्या बेतात दिसत असावं.

आई नाही. गोगलगाय दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा तापाने गेली. तिला आईची एकही आठवण नाही. फोटो आहेत, पण फोटोत आई खुर्चीवर बसलेली आहे किंवा भिंतीला टेकून उभी आहे. हलणारी आई फक्त एका ठिकाणी आहे.

आई होती तेव्हा काकाने कुठूनसा एक मोडका कॅमेरा आणला होता. किल्लीवर चालणारा, जुन्या पद्धतीच्या फिल्मचा. तो त्याने दुरुस्त केला आणि वरच्या खिडकीतून मागच्या अंगणावर धरला. स्वयंपाकघराच्या दारातून त्याची वहिनी बाहेर येते. हातात बाळ. अंगण ओलांडून फाटकापर्यंत जाते. चालता चालता मधे मधे थांबते, बाळाला वर उडवते, झेलते, पुन्हा चालू लागते. एवढंच. मिनिटभराचीही नाही.

ती फिल्म मी शाळेत असताना पाहिली होती. मला हसू आलं होतं. बाई तुरुतुरु चालते. हात टकाटक हलतात. बाळ वर जातं आणि टपकन खाली येतं. चावीच्या खेळण्यासारखं.

हसणारी मी पहिली नव्हते. आई गेल्यावर नातेवाईक जमले होते तेव्हा काकाने चांगल्या मनाने ती फिल्म भिंतीवर लावली. सगळे रडत होते. मग दारातून ती तुरुतुरु बाहेर आली. आधी लहान मुलं खिदळली. मग मोठ्यांनाही आवरेना. बाबा उठले आणि खाली दुकानात गेले. त्यानंतर त्यांनी ती फिल्म पाहिली नाही. तिचा विषय निघाला तर म्हणायचे, "ते माकडचाळे मला दाखवू नका."

काकाने मात्र शंभरदा पाहिली. "वहिनी म्हणजे वारा होती वारा," तो सांगायचा. "आणि ही बघा. कुणावर गेली कोण जाणे." त्या वाक्याला बाबा हटकून उठायचे आणि काही कारण नसताना एखादी काच पुसायला लागायचे. मी ते कितीदा तरी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

गोगलगायीने पदार्थविज्ञानात पदवी घेतली, मी साहित्यात. पुढे ती ॲनिमेशन शिकायला गेली. काकाने कपाळावर हात मारला. "एवढं शिकून कार्टून काढणार? म्हणजे घड्याळजीने रस्त्यात लोकांना वेळ विचारत फिरायचं!"

"काका, मला वस्तू पडतात कशा ते काढायचंय."

"त्याला कॉलेज कशाला? बाबाच्या दुकानात पाय घसरून दाखव."

"सावकाश," बाबा आतून म्हणाले.

मी एकदा तिच्या वर्गात गेले. उतरत्या काचेची टेबलं, खालून उजेड, त्यावर कागद. पहिला धडा चेंडूचा. चेंडू वर जातो, खाली येतो. प्रत्येक चित्रात चेंडू कुठे आहे तिथे एक ठिपका द्यायचा. तिने सगळे ठिपके एका कागदावर मला दाखवले. खाली ते लांब लांब होते. वर जाता जाता जवळ येत गेले. टोकाला अगदी गर्दी.

"इथे तो थांबतो?" मी विचारलं.

"थांबत नाही. वळतो. पण वळायला वेळ घेतो."

मी वृत्तं शिकले होते. ओळीत यती, म्हणजे थांबा, कुठे येतो ते मला माहीत होतं. चेंडूलाही यती असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिने कागद भराभर उलटले. साध्या पेन्सिलीचं एक वर्तुळ वर गेलं, क्षणभर तिथे राहिलं, आणि जड होऊन खाली आलं. जड! कागदावरचं वर्तुळ. मी तिला पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने आपली एक छोटी फिल्म करायची होती. तिने ठरवलं, आई अंगण ओलांडते. तिने ती जुनी फिल्म कॉलेजात नेली, एकेक फ्रेम संगणकावर उतरवून घेतली, आणि त्या चालीवरून चित्रं काढली. त्यात काही महिने गेले.

त्यांच्या बाईंना मुलं मागून वजनकाटा म्हणायची. कुणाचंही काम पाहिलं की बाई एकच प्रश्न विचारत, वजन कुठाय? गोगलगायीची चित्रं त्यांनी दोनदा पाहिली.

"हिला वजन नाही," त्या म्हणाल्या. "पाय जमिनीला लागतायत. जमीन पायांना लागत नाहीये."

तिने गुडघे जास्त वाकवले. टाच टेकल्यावर कंबर थोडी खाली घेतली. शरीराचा तोल कुठल्या पायावर आहे ते प्रत्येक चित्रात तपासलं. बाईंनी पुन्हा मान हलवली. "कागदाची बाहुली. चूक हातात नाही तुझ्या. कुठेतरी दुसरीकडे आहे."

वर्गातल्या कुणीतरी तिला टोमणा मारला, "गणितवाल्या बाईंचं गणित चुकलं वाटतं."

ती माझ्याकडे आली. रडली नाही. माझ्या टेबलावरची पट्टी उचलली, एक टोक धरलं आणि झुलवली. मग पेन्सिल धरली आणि झुलवली.

"बघ. लांब वस्तू सावकाश झुलते. छोटी भराभर. पाय पण झुलतो. फिल्ममध्ये आईचा पाय जेवढ्या घाईने पुढे येतो ना, तेवढ्या घाईने झुलायला आई माझ्या गुडघ्याएवढी असायला हवी."

"म्हणजे?"

"म्हणजे बाईंना बाहुली दिसली, कारण वेळ बाहुलीचा आहे. मोठी वस्तू पडायला, झुलायला वेळ घेते. डोळ्यांना ते माहीत असतं. आपल्याला माहीत नसतं, पण डोळ्यांना असतं." ती थांबली. "आई अशी चालतच नसेल."

मला वाटलं, ही हट्टाला पेटली आहे. चित्र जमलं नाही की माणूस आरशाला दोष देतो. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला घरी बोलावलं, वर नेलं आणि संगणकासमोर बसवलं.

पडद्यावर अंगण होतं. आई दाराशी. बाळ हवेत. तिने बाळाच्या झबल्यावर, बरोबर पोटापाशी, एक लाल ठिपका दिला. पुढची फ्रेम. पुन्हा ठिपका.

"हातपाय कसेही झाडू देत," ती म्हणाली. "हा मधला बिंदू शहाण्यासारखा जातो. बाळाला हवेत काहीही करता येत नाही. रडू शकतं, हसू शकतं, वाट बदलू शकत नाही."

तिने बाकीचं चित्र पुसलं. ठिपके राहिले. खाली लांब लांब, वर जवळ जवळ. चेंडूसारखेच. पण थोडे होते. फार थोडे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते बाळ म्हणजे ती होती.

"पृथ्वी सगळ्यांना सारखीच ओढते," ती म्हणाली. "तेव्हा जेवढी ओढायची तेवढीच आज. बाळ किती उंच उडालं हे कळलं, की खाली यायला किती वेळ लागला असणार ते कळतं. पडणारी वस्तू म्हणजे घड्याळ. त्याला किल्ली लागत नाही."

उंची मोजायला मी हवी होते. अंगणातल्या फरश्या अजून त्याच आहेत. आईचा पाय कुठल्या फरशीवर आहे ते फिल्ममध्ये स्पष्ट दिसतं. गोगलगाय काकाच्या खिडकीत कॅमेरा घेऊन उभी राहिली, जिथे तो तेव्हा उभा होता. मी खाली गेले. हातात खुणा केलेली काठी.

"दारापासून तिसरी! कोपरा उडालेली! हां, तिच्यावर!"

मी त्या फरशीवर उभी राहिले. काठी सरळ धरली. मग फाटकाकडे सरकले, दुसरी फरशी, तिसरी. उन्हाने डोळे दिपत होते. वरून ती ओरडत होती, "जरा डावीकडे! तुझी डावी, माझी नाही!" आणि मी त्या बाईच्या पावलांवर पावलं ठेवत होते. मला तिचं नावही नीट माहीत नव्हतं. काठी हलली. वरून ओरडा बसला.

मग ती टेबलाशी बसली. आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मी पाणी पीत बसले.

"फाटकाशी बाळ पट्टीभर उंच उडालंय," ती म्हणाली. "तुझ्या शाळेच्या पट्टीएवढं. एवढं वर जाऊन खाली यायला अर्धा सेकंद लागतो. कुणालाही. राजाच्या बाळालाही. फिल्ममध्ये लागलाय पाव."

"आणि दाराशी?"

"तिथे फरक थोडा आहे. मग वाढत जातो. प्रत्येक वेळी बाळ जास्तच घाईने खाली येतं." तिने ओठ चावला. मग एकदम उठली आणि जिना उतरली. तिच्या मानाने भराभर.

काका एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"काका, तुझ्या त्या कॅमेऱ्यात स्प्रिंग कुणाची होती?"

"कुणाची म्हणजे? माझ्या सासऱ्याची. कॅमेऱ्याची!"

"मूळची?"

काकाने डोळ्यावरचं भिंग काढलं. "मूळची तुटलेली होती. मी गजराच्या घड्याळाची बसवली. कुणाला जमलं असतं का? एकदाही बंद नाही पडला."

"बंद नाही पडला. पण दमला, काका."

"कोण दमला?"

"कॅमेरा. किल्ली उतरत गेली तसा तो हळू झाला. सेकंदाला जेवढे फोटो काढायचे त्याच्या निम्मेच काढायला लागला. भिंतीवर मात्र आपण ते नेहमीच्या वेगाने दाखवतो. म्हणून सगळं पळतं."

काकाने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, पुन्हा काढलं.

"म्हणजे वहिनी पळत नव्हती?"

"नाही."

"पण मला आठवतं ना. मी रोज पाहत होतो तिला. अशी दारातून यायची, वाऱ्यासारखी, आणि…"

"काय आठवतं, काका? आई की फिल्म?"

त्याने हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं. मान वर करून छताकडे पाहिलं.

"फिल्म," तो म्हणाला.

तिने सगळी चित्रं बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं, फिल्म हळू चालवली की झालं. तसं नव्हतं. हळू चालवली तर ती अडखळत होती. कॅमेऱ्याने जे फोटो काढलेच नव्हते त्या जागा रिकाम्या होत्या. त्या तिला हाताने भरायच्या होत्या. दोन ठिपक्यांच्या मधे बाळ नेमकं कुठे होतं ते गणित सांगत होतं. पाय कुठे असेल, कंबर किती खाली असेल, तेही बरंचसं सांगत होतं. आईने टाकलेलं आणि कुणीच न पाहिलेलं पाऊल ती कागदावर काढत होती. मी शेजारी बसून पेन्सिलींना टोकं करत असे. दुसरं काही करण्याची माझी लायकी नव्हती.

चेहरा तिने काढला नाही. मी विचारलं.

"तो गणितात येत नाही," ती म्हणाली.

नवीन चित्रं पाहून वजनकाटा बाईंनी चष्मा काढला. "आता जमीन लागली," एवढंच म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती खूश दिसेना.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"बाईंनी जमीन ओळखली. आई कोण ओळखणार? काकाची आठवण फिल्मने खाल्ली. मला तर आठवणच नाही. एक बाबा उरलेत. त्यांनी ओळखलं नाही तर ही कुणीतरी एक बाई आहे. वजनदार बाई."

ती दुकानात गेली. मीही मागे गेले. बाबा एका काचेवर कापायची हिरकणी ओढत होते. कर्र असा बारीक आवाज.

"बाबा, शनिवारी दुपारी कॉलेजात याल का? माझं काम दाखवणार आहेत."

"ती फिल्म असेल तर मी येणार नाही."

"चित्रं आहेत. हाताने काढलेली."

"कशाची?"

"एक बाई अंगण ओलांडते."

हिरकणी थांबली. मग पुढे सरकली. बाबांनी काच टेबलाच्या कडेवर घेतली, खालून हलकेच ठोकली. ती रेघेवर सरळ दुभंगली. दोन्ही तुकडे त्यांनी नीट बाजूला ठेवले.

"दुकान बंद ठेवावं लागेल," ते म्हणाले.

"एखादी दुपार काचा फुटणार नाहीत लोकांच्या," काका कोपऱ्यातून म्हणाला. "मी सगळ्या गावाला सांगून येतो, आज क्रिकेट बंद."

बाबांनी येतो म्हटलं नाही. पण शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याखाली उभे होते.

खोली छोटी होती. खिडक्यांना काळे पडदे. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. बाबा, त्यांच्याशेजारी ती, मग काका, मग मी. बाबांनी हात मांडीवर ठेवले होते, पालथे. बोटांवर काचेचे जुने बारीक व्रण. दिवे गेले.

पांढरा पडदा. एक आडवी रेघ म्हणजे अंगण. एक चौकोन म्हणजे दार. दारातून एक बाई आली. चार-पाच रेघांची, चेहरा नसलेली. हातात गाठोड्यासारखं बाळ.

ती चालू लागली. सावकाश. टाच टेकली, मग पाऊल, मग सगळा भार त्या पावलावर आला आणि कंबर जराशी कलली. मागचा पाय उचलायची तिला मुळीच घाई नव्हती. तो झुलत पुढे आला, आपल्या वेळेने. ही चाल मी ओळखत होते. शाळेपासून मी हिच्या शेजारून चालत आले होते. हिच्यासाठी कोपऱ्या-कोपऱ्यावर थांबले होते.

"अरे," काका अंधारात कुजबुजला, "ही तर आपली गोगलगाय!"

बाबा हलले नाहीत. मी वाकून पाहिलं तर गोगलगाय पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती.

पडद्यावरची बाई थांबली. तिने गुडघे जरासे वाकवले आणि बाळाला वर उडवलं.

बाळ वर गेलं. टोकाला पोचलं. आणि तिथे त्याने वेळ घेतला. अर्धा सेकंद म्हणजे किती, हे मला त्या खोलीत कळलं. हातातून सुटलेलं एक मूल, खाली फरशी, मधे काही नाही. त्या जुन्या फिल्ममध्ये घाबरायला वेळच नव्हता. आता होता. पुरेपूर होता.

माझ्या डाव्या बाजूला काहीतरी हललं. बाबांचे हात मांडीवरून उठले होते. दोन्ही तळवे वर, बोटं पसरलेली, काच झेलायला धरतात तसे.

बाळ खाली आलं. बाईने झेललं. दोन पावलं चालली. पुन्हा उडवलं.

"अगं," बाबा पडद्याला म्हणाले, अगदी हळू, वैतागून, रोजचं काहीतरी सांगावं तसं, "सावकाश."

बाई फाटकापाशी पोचली. पडदा पांढरा झाला. दिवे लागले तरी ते हात तसेच होते. मग त्यांच्या लेकीने आपले हात त्यांत ठेवले.